शेपटीचे पैसे

तर मंडळी, झालं असं की यंदाच्या दत्तजयंतीला मी मामांबरोबर सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सारंगखेडा हे नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठावरचं गाव. इथे एकमुखी दत्ताचं देऊळ आहे आणि दत्तजयंतीपासून घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मारवाडी, काठियावाडी, शिवाय ज्यांची जात फक्त त्यांच्या मालकालाच ठाऊक असे सगळे घोडे एका मैदानात. पुण्यातल्या आमच्या कंपनीच्या पार्किंगमध्ये जितक्या गाड्या असतात तितके घोडे, आणि त्यांच्याइतकेच चकचकीत पुसलेले :-)

मामांना घोडा घ्यायचा होता. शर्यतीचा नाही, लग्नात नाचणारा नाही, साधा बसायचा घोडा. सकाळी केळीच्या बागेला चक्कर मारायची तर घोड्यावरून मारायची, ही त्यांची जुनी हौस. तयार घोडा परवडत नाही, म्हणून अडीच-तीन वर्षांचं, पाठीवर अजून कोणी न बसलेलं शिंगरू घ्यायचं आणि चाबुकस्वाराकडून तयार करून घ्यायचं असा बेत. असाच बेत त्यांनी काही वर्षांपूर्वी एकदा केला होता. तेव्हाचं शिंगरू बाजारात वाऱ्यासारखं पळत होतं आणि घरी आल्यावर आठ दिवसांत लंगडायला लागलं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, दुखणं जुनंच आहे, विकण्याआधी वेदना दाबायचं औषध दिलं असणार. विकणारा अर्थातच सापडला नाही. ते शिंगरू पुढे साठ हजाराला वरातीच्या घोडेवाल्याकडे गेलं. मामी अजूनही तो विषय निघाला की भांडी जरा जोरात आपटतात.

म्हणून या वेळी मामांनी तीन महिने आधी मला फोन केला. "भाचेबुवा, तुम्ही पुस्तकं वाचता. जरा बघा ना, कोऱ्या घोड्याची किंमत ठरवायची कशी?"

प्रश्न साधा वाटतो, पण नाही. तयार घोड्याची किंमत ठरवणं सोपं. बसा, फिरवा, चाल बघा, भाव करा. कोऱ्या शिंगराच्या बाबतीत आपण घोडा विकत घेतच नसतो, तो पुढे काय होईल त्याबद्दलचा अंदाज विकत घेत असतो. आमच्याकडे फ्रेशरला घेताना नेमकी हीच पंचाईत असते. मार्कशीट आहे, चेहरा हुशार आहे, पण प्रॉडक्शनला रात्री दोन वाजता आग लागल्यावर हा काय करेल, हे त्यालाही माहीत नसतं. तर मी वाचायला लागलो, आणि नेहमीप्रमाणे मामांच्या प्रश्नाचं उत्तर मिळायच्या आधी भलतंच काहीतरी सापडलं.

फेर्नाव नुनिश नावाचा एक पोर्तुगीज साधारण १५३५ ते १५३७ च्या सुमाराला विजयनगरात होता. तो स्वतः घोड्यांच्या व्यापारातला असावा असं अभ्यासक मानतात, आणि त्याने लिहिलेली विजयनगरच्या राजांची हकीकत वाचताना ते पटतं, कारण घोड्यांचा विषय आला की गडी खुलतो. तो साळुव नरसिंह या राजाबद्दल (कारकीर्द १४८५ ते १४९१) सांगतो की हा राजा होर्मुझ आणि एडनहून घोडे मागवायचा आणि व्यापाऱ्यांना तोंडाला येईल ती किंमत द्यायचा. तीन घोड्यांना हजार परदाव, म्हणजे सोन्याची हजार नाणी. आणि घोडा जिवंत असो की मेलेला, दर तोच! समुद्रात घोडा मेला तर व्यापाऱ्याने त्याची फक्त शेपटी आणून दाखवायची. शेपटीचे पैसे पूर्ण घोड्याइतकेच.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो. मग डोक्यात किडा शिरला. शेपटी कुठल्या घोड्याची हे कसं कळणार? अस्सल अरबी घोड्याची शेपटी आणि बंदरावर मेलेल्या तट्टाची शेपटी यात फरक काय? शिवाय मेलेल्याचेही पैसे मिळणार असतील तर व्यापारी जहाजावर घोड्याला पाणी तरी कशाला पाजेल? आजच्या भाषेत हा भयानक डिझाइनचा सॉफ्टवेअर करार आहे. डिलिव्हरी झाली नाही तरी बिल पूर्ण.

पण राजा काही येडा नव्हता. त्याच्या उत्तरेला बहमनी सल्तनत होती, घोडदळावर चालणारी. अरबस्तान आणि इराणातून समुद्रमार्गे येणारा घोडा ज्याच्या बंदरावर उतरेल त्याचं सैन्य वरचढ. दख्खनच्या हवेत आणि चाऱ्यावर त्या प्रतीचा घोडा मोठ्या संख्येने निपजत नव्हता. अशा वेळी व्यापाऱ्याला सगळ्यात मोठी भीती कसली? वाटेत माल मरण्याची. ती भीती राजाने स्वतःच्या डोक्यावर घेतली की व्यापारी दुसऱ्याच्या दारात कशाला जाईल? म्हणजे हजार परदाव ही तीन घोड्यांची किंमत नव्हतीच मुळी. त्यात घोडे होते, समुद्राचा विमा होता, आणि शत्रूला घोडा न मिळण्याची किंमतही होती.

गंमत म्हणजे ही युक्ती नरसिंहाची नाही. तिच्या दोनेकशे वर्षं आधीचा वस्साफ हा इराणी इतिहासकार दक्षिणेतल्या पांड्य राज्याबद्दल जवळपास हेच लिहितो. तिथे दरवर्षी चौदाशे घोडे पाठवायचा करार होता, प्रत्येक घोड्याला तांबड्या सोन्याचे २२० दिनार, आणि वाटेत घोडा जखमी झाला किंवा मेला तरी राजाच्या खजिन्यातून पैसे. इतकं सोनं ओतून आणलेल्या घोड्यांचं पुढे व्हायचं काय? वस्साफ सांगतो की त्यांना भाजलेलं सातू आणि लोण्यात परतलेलं धान्य खायला घालत आणि वर गायीचं उकळलेलं दूध पाजत. (हे वाचून मामा म्हणाले, "म्हणजे जावयासारखं.") त्याच काळात येऊन गेलेला मार्को पोलो सांगतो की तिथला राजा वर्षाला दोन हजारांवर घोडे घेतो, त्याचे चार राजे भाऊही तितकेच घेतात, आणि वर्ष संपताना त्यातले शंभरही उरत नाहीत. कारण घोड्याची निगा राखणारं माणूसच तिथे नाही. आणि का नाही? तर पोलोच्या म्हणण्यानुसार व्यापारी मुद्दामच नालबंद-वैद्य तिकडे जाऊ देत नाहीत. घोडे जगले तर पुढच्या वर्षी विकायचे कोणाला?

पोलोच्या सगळ्याच गोष्टींवर डोळे मिटून विश्वास ठेवावा असं माझं म्हणणं नाही. पण ही गोष्ट मला खरी वाटते, कारण माझ्या सहा वर्षांच्या नोकरीत मी असे दोन-तीन सॉफ्टवेअर विकणारे पाहिले आहेत. माल द्यायचा, माहिती द्यायची नाही. असो. पोलो आपल्या ठाण्याबद्दलही लिहून गेलाय. तिथल्या राजाचा चाच्यांशी करार होता: लुटीतलं सोनंनाणं तुमचं, पण जहाजावर घोडे सापडले तर ते माझे. घोड्याची रास्त किंमत काढण्याची ही तिसरी पद्धत. शून्य.

आता जरा उलट्या टोकाकडे जाऊ. शेपटीचे पैसे देणारा राजा एका बाजूला, तर दुसऱ्या बाजूला अलाउद्दीन खिलजी.

मराठी माणसाला अलाउद्दीन आठवतो तो १२९६ च्या देवगिरीच्या स्वारीमुळे. पण इतिहासाच्या पुस्तकात त्याच्या बाजारभावांवर दोन ओळी असतात, परीक्षेला 'टीपा लिहा' मध्ये येणाऱ्या, त्या मी दहावीत चक्क पाठ केल्या होत्या आणि मला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. आता कळतंय. १३०३ मध्ये तार्घीच्या हाताखालचे मंगोल थेट दिल्लीला येऊन धडकले. अलाउद्दीनला प्रचंड घोडदळ हवं होतं, पण पगार वाढवले तर खजिना काही वर्षांतच रिकामा. मग त्याने पगार बांधला आणि त्या पगारात सैनिक जगेल इतके सगळ्या वस्तूंचे भाव खाली आणले. झियाउद्दीन बरनी, ज्याने हे सगळं पुढे १३५७ च्या सुमाराला लिहून ठेवलं, तो आकडे देतो. एका स्वाराला वर्षाला २३४ टंके, जास्तीचा घोडा ठेवला तर आणखी ७८. आणि घोड्यांचे भाव: पहिल्या प्रतीचा १०० ते १२०, दुसऱ्या प्रतीचा ८० ते ९०, तिसऱ्या प्रतीचा ६५ ते ७०. सरकारी तपासणीत जो पास होत नाही तो तट्टू, त्याला १० ते २५. ('भाडोत्री तट्टू' म्हणताना आपण कोणत्या ग्रेडबद्दल बोलतो ते लक्षात आलं ना?)

हे आकडे जरा जवळून बघा. उत्तम घोडा म्हणजे स्वाराचा सहा महिन्यांचा पगार. आज पुण्यात सहा महिन्यांच्या पगारात काय येतं याचा हिशोब ज्याने त्याने करावा. आणि पास-नापास यात केवढा कडा आहे! ६५ चा घोडा जरासा कमी पडला की थेट २५ च्या खाली. मधलं काही नाही. म्हणजे सगळा खेळ कुठे होणार? त्या कड्यावर. तट्टू असलेला घोडा तिसऱ्या प्रतीत ढकलता आला की चाळीस टंक्यांचा फायदा. आणि कोरा, कोवळा घोडा नेमका या कड्यावरच उभा असतो, कारण तो काय होईल हे अजून ठरायचं असतं.

हे ढकलण्याचं काम करायचे दलाल. बरनीचा दलालांवर विशेष राग आहे. ते विकणाऱ्याकडूनही पैसे घेतात आणि घेणाऱ्याकडूनही, आणि बाजार त्यांच्या मुठीत असतो, असं तो लिहितो. अलाउद्दीनने मोठमोठ्या दलालांना दिल्लीतून उचललं आणि लांबलांबच्या किल्ल्यांवर कैदेत टाकलं. स्वस्तात घेऊन महाग विकणाऱ्या सधन व्यापाऱ्यांना घोडेबाजारात पाय ठेवायला बंदी. जे दलाल उरले त्यांना दर चाळीस दिवसांनी किंवा दोन महिन्यांनी, घोड्यांच्या नमुन्यांसकट, खुद्द सुलतानासमोर उभं करायचं आणि झाडाझडती घ्यायची. बरनीच्या मते ही झाडाझडती अशी असे की त्यापेक्षा मरण बरं असं त्यांना वाटे. आमच्या तिमाही रिव्ह्यूबद्दल मी यापुढे तक्रार करणार नाही.

भाव खरंच उतरले. वर्षानुवर्षं स्थिर राहिले. पण १३१६ मध्ये अलाउद्दीन वारला आणि त्याच्या मुलाच्या, कुतुबुद्दीन मुबारकच्या, राज्यात ही सगळी व्यवस्था पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळली. मला वाटतं, यात नवल काही नाही. सुलतानाने घोड्याची किंमत शोधून काढलीच नव्हती. त्याने खोटं बोलणं महाग करून ठेवलं होतं, आणि ती महागाई त्याच्या धाकाइतकीच टिकाऊ होती.

अकबराची रीत मला जास्त आवडते, अभियंता म्हणून. डाग देण्याची, म्हणजे घोड्यावर तापल्या लोखंडाचं चिन्ह उमटवण्याची पद्धत त्याने १५७३-७४ च्या सुमाराला पुन्हा कडक केली. तपासणीला चांगला घोडा दाखवायचा आणि नोकरीवर तट्टू ठेवायचं, ही चोरी त्यामुळे अवघड झाली. अबुल फझल 'आइन-इ-अकबरी'त सांगतो की शाही तबेल्यातले घोडे अदलाबदल होऊ नयेत म्हणून पुढे घोड्याच्या अंगावर त्याच्या किमतीचा आकडाच डागायला लागले. दहा मोहरांचा घोडा असेल तर दहा, वीस मोहरांचा असेल तर वीस. आणि नंतरच्या पाहणीत घोडा वरच्या किंवा खालच्या प्रतीत गेला तर जुना डाग काढून टाकायचा. जिवंत कातडीवरचा डाग काढायचे म्हणजे काय करायचे ते मला विचारू नका. पण त्यामागचा विचार बघा: किंमत एकदाच ठरत नाही, ती पुन्हा पुन्हा तपासायची असते. घोडा तोच, पण चार वर्षांचा असताना वेगळा आणि सात वर्षांचा असताना वेगळा.

वय. हो, त्याबद्दल सांगायचं राहिलं. शिंगराच्या बाबतीत निदान एवढी एक गोष्ट नक्की कळते. घोड्याचे पुढचे दुधाचे दात पडून पक्के दात येण्याचा क्रम ठरलेला असतो: मधली जोडी साधारण अडीच वर्षांत, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड 'पूर्ण'. म्हणून बाजारात जो तो आधी घोड्याचा ओठ वर करतो. दात खोटं बोलत नाहीत असं म्हणतात, म्हणजे कोवळ्या वयात तरी बोलत नाहीत. म्हातारा घोडा तरुण दाखवण्यासाठी दात कोरून काळे करण्याची कला जगभर होती.

आणि मग भोवरे. घोड्याच्या अंगावर केसांचे जे भोवरे असतात त्यांचं आपल्याकडे केवढं मोठं शास्त्र! गळ्यावर देवमण असेल तर भाव चढला. डोळ्याखाली, अश्रू ओघळतो त्या जागी भोवरा असेल तर अशुभ, भाव पडला. चारही पाय आणि तोंड पांढरं असलं की पंचकल्याणी, लगेच शंख फुंकायचा. शालिहोत्राच्या परंपरेतल्या संस्कृत ग्रंथांपासून सारंगखेड्याच्या मैदानापर्यंत हे अखंड चालू आहे. मी आधी याला सरळ अंधश्रद्धा म्हणून निकालात काढलं होतं. पळण्याशी भोवऱ्याचा संबंध काय? पण नंतर कळलं की आजच्या घोड्यांच्या अधिकृत पासपोर्टवर हेच भोवरे आकृतीत काढून दाखवतात, कारण ते प्रत्येक घोड्याचे वेगळे असतात आणि बदलता येत नाहीत. म्हणजे बोटांच्या ठशासारखे. देवमणामुळे घर भरभराटीला येतं यावर माझा विश्वास नाही. पण ज्या गोष्टीवर विकणाऱ्याला हात मारता येत नाही तिच्याकडे घेणाऱ्याचा डोळा आधी वळावा, हे मला आता समजतं.

जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि त्या कामाबद्दल त्याला २००१ चं नोबेल मिळालं. विकणाऱ्याला जे माहीत आहे ते घेणाऱ्याला माहीत नसेल तर चांगला माल बाजारातून उठतो आणि खोटा तेवढा उरतो, हा त्याचा मुद्दा. त्याने पुढे स्वतःच लिहिलंय की ही अडचण घोड्यांच्या व्यापाराइतकीच जुनी आहे: याला जर हा घोडा विकायचाय, तर मला तो घ्यायचाय का? मामांनी अॅकरलॉफ वाचलेला नाही. पण पहिल्या शिंगरानंतर हा प्रश्न त्यांना पाठ होता.

आपल्या मराठी फौजेचं काय, हे मला अर्थातच बघायचं होतं. शिवाजी महाराजांच्या घोडदळात दोन तऱ्हा होत्या हे आपल्याला माहीत असतं. बारगीर सरकारी घोड्यावर बसायचा, शिलेदार स्वतःच्या. सभासद बखरीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार अशी रचना दिली आहे. या फरकाचा लढाईवर काय परिणाम होतो ते विल्यम टोन या आयरिश माणसाने टिपलं. तो १७९० च्या दशकात पेशव्यांच्या नोकरीत होता. घोडा स्वाराच्या मालकीचा, तोच त्याचा रोजगार, आणि लढाईत मेला तर भरपाई नाही. मग स्वार घोड्याला आगीत का घालेल? टोनचं म्हणणं, तो जपूनच लढणार. शौर्य-बिर्यचा प्रश्न नाही हा, हिशोबाचा आहे. शेपटीचे पैसे देणारा राजा एकदम इतका हास्यास्पद वाटेनासा झाला मला.

इंग्रजांनी शिलेदारी पद्धत उचलली, शब्दासकट. त्यांच्या हिंदी घोडदळाच्या पलटणींत स्वार स्वतःच्या घोड्याचे पैसे भरून भरती व्हायचा. पण तिथे एक भर पडली: चंदा फंड. प्रत्येकाने थोडी थोडी वर्गणी भरायची आणि ज्याचा घोडा मरेल त्याला त्यातून नवा. पहिल्या महायुद्धात घोडे इतके झपाट्याने मरायला लागले की हे गणित बसेना, आणि युद्धानंतर ही पद्धत बंद झाली.

इथवर वाचून मी मामांना फोन केला आणि तासभर हे सगळं ऐकवलं. शेवटी ते म्हणाले, "छान. पण मी काय करू ते सांगा."

मग मी सगळ्यात जुनं पुस्तक उघडलं, जे खरं तर आधी उघडायला हवं होतं. कौटिल्याचं अर्थशास्त्र. (शतकानुशतकं हरवलेला हा ग्रंथ आर. शामशास्त्रींना म्हैसूरच्या ग्रंथालयात १९०५ मध्ये सापडला आणि १९०९ मध्ये छापून आला, हीसुद्धा एक झकास गोष्ट आहे, पण पुन्हा कधीतरी.) त्यात अश्वाध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. घोडा भेट आलाय, विकत घेतलाय, युद्धात मिळालाय की आपल्याकडेच जन्मलाय, त्याचं कुळ, वय, रंग, खुणा हे सगळं त्याने नोंदवायचं. चांगला डेटाबेस आहे. पण मला हवं होतं ते दुसऱ्याच ठिकाणी निघालं, खरेदी-विक्री रद्द करण्याच्या प्रकरणात. कौटिल्य म्हणतो, आजारी जनावर निरोगी म्हणून विकणाऱ्याला १२ पण दंड. आणि चार पायांचं जनावर परत करायची मुदत तीन पक्ष, म्हणजे ४५ दिवस. का? तर तेवढ्या काळात त्याचा खरेखोटेपणा कळू शकतो म्हणून.

मी दोनदा वाचलं. शेपटी नाही, सुलतानाचा धाक नाही, डाग नाही. हा तर चक्क प्रोबेशन पीरियड!

आता सारंगखेडा. दुसऱ्या दिवशी दुपारी मामांना एक कुमेत शिंगरू पसंत पडलं. मधले दोन दात नुकतेच आलेले, म्हणजे अडीचच्या पुढे. मामांनी ते कडक जमिनीवर, लगाम सैल सोडून, दुडक्या चालीने चालवून बघितलं, कारण लंगडं जनावर दुखरा पाय टेकताना मान वर उडवतं. मान उडत नव्हती. देवमण नव्हता, पंचकल्याणी तर नाहीच. मामा म्हणाले, बरंय, भोवऱ्याचे पैसे वाचले. व्यापाऱ्याने चार लाख सांगितले. मग दलाल आला, रुमाल आला, आणि रुमालाखाली बोटं धरून बोलणी सुरू झाली. मी शेजारी उभा, मला काहीही दिसत नाही, ऐकू येत नाही. सतराव्या शतकात ताव्हेर्नियेने हिऱ्यांच्या व्यापाऱ्यांची अशीच मुकी बोलणी लिहून ठेवली आहेत.

रुमाल निघाला तेव्हा भाव दोन लाख ऐंशी हजारांवर आला होता. जसा आहे तसा. मामांनी माझ्याकडे बघितलं आणि मग तो प्रश्न विचारला: दीड महिन्यात परत करायची मुभा हवी असेल तर?

व्यापारी हसला. दलाल हसला नाही. त्याने परत रुमाल टाकला. बराच वेळ लागला. भाव: तीन लाख दहा.

म्हणजे तीस हजार कशाचे? घोड्याचे नाहीत, घोडा तोच. मी मोबाईलवर गणित मांडलं. शिंगरू चांगलं निघालं तर तीस हजार फुकट गेले. खोटं निघालं आणि मागच्यासारखं साठ हजाराला गेलं, तर 'जसा आहे तसा' मध्ये दोन लाख वीस हजार बुडणार, आणि परतीच्या सौद्यात काही बुडणार नाही. हिशोब केला तर साधारण आठात एक शिंगरू खोटं निघत असेल तिथे दोन्ही बाजू बरोबर होतात. मामांना सांगितलं. ते म्हणाले, "आठात एक? या मैदानात पाचात एक धर."

पण परत करायला माणूस सापडला पाहिजे ना! मागच्या वेळी तिथेच तर फसलो होतो. शेवटी तोड काढली दलालाने. व्यापाऱ्याने पन्नास हजार घेऊन जायचे, बाकीचे दोन लाख साठ हजार दलालाकडे राहणार. शिंगरू परत आलं तर व्यापाऱ्याचे ते पन्नासही दलाल भरून देणार. दलाल मामांच्या शेजारच्या गावचा, व्यापाऱ्याशी त्याचे वीस वर्षांचे व्यवहार. ज्या जमातीला अलाउद्दीनने किल्ल्यात कोंडलं तिच्यातल्याच एकाच्या शब्दावर आमचा सगळा सौदा उभा राहिला. कागद झाला नाही, चहा झाला.

आणि मुदत? मामांनी बोटांवर मोजलं. मार्गशीर्षाच्या पौर्णिमेपासून तीन पक्ष म्हणजे पौषाची अमावास्या. यात्रेचा बाजार पौर्णिमेलाच सुरू होतो, त्यामुळे हिशोब कौटिल्याने जणू सारंगखेड्यासाठीच करून ठेवल्यासारखा बसला :-)

आज एकतिसावा दिवस. शिंगराचं नाव अजून ठेवलेलं नाही, मामींनी ठेवू दिलेलं नाही. चाबुकस्वार रोज सकाळी येतो. पाठीवर अजून बसायचं नाही, हाडं पक्की व्हायची आहेत, फक्त लगाम, लांब दोरीवर फेऱ्या, आणि पाठीवर रिकामं पोतं. मागच्या आठवड्यात त्याने लगाम तोंडात न झटकता घेतला म्हणून मामांनी मला कामाच्या वेळेत व्हिडिओ कॉल केला होता. काल रात्री पुन्हा फोन आला, साधा. उजवा पुढचा पाय तो जरा जपून टाकतोय असं त्यांना वाटतंय. खडा लागला असेल, नाल अजून मारलेली नाही. मी म्हटलं, डॉक्टरांना बोलवा. ते म्हणाले, उद्या बोलावलंय.

अमावास्येला अजून १४ दिवस आहेत.